डोंगरावरील धन्यवचनें आणि रेव्हरंड टिळक



तेल्हाऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांत मत्तयाच्या पांचव्या अध्यायावर बोलूं लागलें, कीं एक प्रश्न बहुधा पुढें येतो. कधीं तो उघड विचारला जातो, कधीं नुसता चेहऱ्यावर दिसतो. प्रभूनें दीनांना धन्य म्हटलें; आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या दीनच आहों, मग आमच्या वाट्याला धन्यता कोठें आली? कपाशीला भाव नाहीं, देणें फिटत नाहीं, गांवांत मान नाहीं. असें असतां ह्या वचनाचा अर्थ आम्हीं आपल्यापुरता काय घ्यावा? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. ज्यानें तें वचन मनावर घेतलें आहे तोच असें विचारील. ज्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं तो आमेन म्हणून घरीं जातो.

ह्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षां, ज्या एका महाराष्ट्रीय मनुष्याचें सारें आयुष्य ह्या थोड्याशा ओळींनीं फिरविलें, त्याचें चरित्र सांगावें असें आम्हांस वाटतें. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक होत. त्यांचीं पदें आपल्या मंडळ्यांत म्हटलीं जातात. परंतु तीं म्हणणाऱ्यांपैकीं पुष्कळांना तीं कोणाच्या हृदयांतून निघालीं ह्याची माहिती नसते. आमच्या उपदेशक बंधूंनीं ही माहिती आपल्या लोकांस सांगावी, म्हणून येथें थोडी विस्तारानें देतों.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव ह्या खेड्यांत ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई भाविक असून तिला कवितेची आवड होती. वडिलांपासून मुलाला धाक मिळाला, आईपासून गोडवा मिळाला. आणि ती आई त्याच्या लहानपणींच वारली. त्यानंतर त्याचें मन घरांत रमेना. तो कोंकण सोडून नाशिकास आला आणि तेथें गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ संस्कृत शिकला. पुढें मराठींत जी रसाळ वाणी त्यांच्या मुखांतून वाहिली तिच्या मुळाशीं आईच्या ओव्या व शास्त्रीबुवांचें संस्कृत हीं दोन्हीं होतीं.

१८८० सालीं नाशिकाजवळच्या जलालपूर गांवच्या गोखले घराण्यांतील मनकर्णिका नांवाच्या मुलीशीं त्यांचें लग्न झालें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेवलें. हीच पुढें लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक झाली. लग्नाच्या वेळीं ती केवळ अकरा-बारा वर्षांची होती व तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. टिळकांच्या संसाराचें खरें चित्र पाहावयाचें असेल तर ह्याच बाईंनीं लिहिलेलें स्मृतिचित्रे हें पुस्तक वाचावें. त्यांत नवऱ्याची स्तुति आहे, पण खुशामत नाहीं. टिळक रागीट होते, लहरी होते, आज ह्या गांवीं तर उद्यां त्या गांवीं असे होते, आणि घरांत आलेला पैसा दुसऱ्याची अडचण दिसली कीं तिकडे देऊन मोकळे होत, हें सर्व त्यांत प्रांजळपणें लिहिलेलें आहे. आम्हीं हें मुद्दाम सांगतों. कारण साधुपुरुषांचीं चरित्रें ऐकून आपल्या लोकांची अशी समजूत होते, कीं ते जन्मतःच सौम्य असत. टिळक तसे नव्हते.

कोठें शिक्षक, कोठें पुराणिक, कोठें वक्ते व कवि अशीं कांहीं वर्षें फिरतीचीं गेल्यावर १८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. तेथील श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयानें प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचें काम त्यांना मिळालें. ऋषि नांवाचें एक मासिकही त्यांनीं चालविलें. ह्या काळीं त्यांच्या मनांत मोठी खळबळ चालली होती. देशाची दुर्दशा पाहून त्यांचें चित्त तळमळे. जातिभेदानें लोकांचे तुकडे झाले आहेत, मूर्तिपूजेनें त्यांची बुद्धि बांधली गेली आहे, आणि सर्वांस एकत्र आणणारा धर्म झाल्यावांचून हा देश उठणार नाहीं, असें त्यांचें मत बनत चाललें होतें. असा एखादा नवा धर्म आपणच कां स्थापूं नये, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. विद्वत्ता होती, वक्तृत्व होतें, देशाविषयीं कळकळ होती. धर्मसंस्थापक होण्यास जें जें लागतें असें मनुष्याला वाटतें तें तें सर्व त्यांच्यापाशीं होतें.

अशा मनःस्थितींत १८९३ सालीं ते नोकरीच्या शोधार्थ नागपुराहून राजनांदगांवास निघाले. राजनांदगांव हें त्या वेळीं बैराग्यांचें लहानसें संस्थान होतें. आगगाडींत त्यांच्या डब्यांत एक युरोपियन प्रवासी होता. त्या काळीं गोऱ्या माणसाच्या डब्यांत बसणें म्हणजे अपमानाची तयारी ठेवून बसणें असे; परंतु ह्या मनुष्यानें त्यांच्याशीं आदरानें भाषण केलें. संस्कृत काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या निघाल्या. शेवटीं त्यानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचें वचन घेतलें, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीतही केलें. टिळकांना तें भाकीत खरें वाटलें नाहीं. परंतु शब्द दिला होता. आमच्या पुस्तकें विकणाऱ्या बंधूंनीं येथें क्षणभर थांबावें. त्या प्रवाशानें वाद जिंकला नाहीं. एका स्वाभिमानी मनुष्याचा मान राखला, पुस्तक दिलें, आणि आपल्या स्टेशनावर उतरून गेला.

पहिल्यानें त्या पुस्तकांत टिळकांना फारशी गोडी वाटली नाहीं. दिलेल्या वचनाखातर ते वाचूं लागले. वंशावळी, जन्मकथा, बाप्तिस्मा, मोह, असें वाचीत वाचीत ते डोंगरावरील प्रवचनाशीं येऊन पोहोंचले, आणि तेथें अडकले. पुढें जावेना, पुस्तक खालीं ठेववेना. ज्या प्रश्नांचीं उत्तरें शोधीत ते इतकीं वर्षें भटकले होते त्यांचीं उत्तरें ह्या तीन अध्यायांत त्यांना सांपडूं लागलीं.

तेथें त्यांना काय दिसलें असेल ह्याचा विचार करण्याजोगा आहे. प्रवचनाच्या आरंभीं प्रभु ज्यांना धन्य म्हणतो त्यांची यादी आपण पाहावी. तींत कोणत्याही जातीचें नांव नाहीं, कुळ नाहीं, तीर्थ नाहीं, व्रत नाहीं, विद्येचाही उल्लेख नाहीं. दीन, शोक करणारे, सौम्य, नीतिमत्त्वासाठीं भुकेले, दयाळू, शुद्ध मनाचे, समेट करणारे, छळलेले. ह्यांतील एकही गोष्ट अशी नाहीं कीं जी ब्राह्मणालाच साधेल व दुसऱ्याला साधणार नाहीं. सर्वांस एकत्र आणणारा धर्म टिळक आपल्या डोक्यांतून काढूं पाहत होते. तो गालीलांतील एका डोंगराच्या उतारावर अठराशें वर्षांपूर्वींच सांगितला गेला होता, आणि तो सांगणारा स्वतः सुतार होता. परंतु त्याच यादीचा पहिला शब्दच टिळकांच्या आड येत होता. सर्वांत आधीं धन्य म्हटलें आहे तें आत्म्याच्या दीनांना. ज्याला धर्मसंस्थापक व्हावयाचें आहे त्याला ह्या दारांतून आंत जातां येत नाहीं. त्याला आधीं आपली संस्थापकी बाहेर ठेवावी लागते. आमच्या मतें टिळकांचें खरें परिवर्तन राजनांदगांवच्या त्या वाचनांत ह्याच ठिकाणीं झालें. त्यांनीं नवा धर्म काढण्याचा विचार सोडला व शिष्य होण्याचा विचार धरला. बाप्तिस्मा पुढें झाला.

आतां आमच्या खेड्यांतील प्रश्नाकडे वळूं. टिळकांना जेथें उतरून यावें लागलें तेथें आपण जन्मापासून उभे आहों, मग आपण आपोआप धन्य झालों काय? ह्याला दोन बाजू आहेत, आणि दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. मत्तयानें आत्म्याचे दीन असें लिहिलें आहे. लूकाच्या सहाव्या अध्यायांत मात्र प्रभु नुसतें दीन असेंच म्हणतो, आणि लगेच धनवानांना हाय हाय म्हणतो. म्हणून दारिद्र्याचा ह्या वचनाशीं संबंधच नाहीं, तें केवळ मनाविषयीं आहे, असें जे सांगतात ते लूकाचें शुभवर्तमान अर्धेंच वाचतात. त्या डोंगराखालीं जमलेला लोकसमुदाय रोग्यांचा व कष्टकऱ्यांचा होता. त्यांना प्रभूनें असें सांगितलें नाहीं, कीं तुमची गरिबी चांगली आहे, ती तशीच राहूं द्या. त्यानें सांगितलें, कीं ज्यांना गांवानें हिशेबांत धरलें नाहीं त्यांना देवाच्या राज्यानें आधीं धरलें आहे. मोलकरी बाईनें हें वचन ऐकून मान वर करावी असा त्याचा अर्थ आहे. तें ऐकवून कोणी तिची मजुरी कापूं लागला, तर तो वचनाचा चोर समजावा.

दुसरी बाजू अशी, कीं खिसा रिकामा असून मन गर्वानें भरलेलें असूं शकतें. कोणाचें घराणें आधीं बाप्तिस्मा पावलें, प्रभुभोजनाच्या वेळीं पुढें कोण बसला, वडीलमंडळींत कोणाचा भाऊ घेतला व कोणाचा वगळला, ह्यावरून आपल्या लहान मंडळ्यांत महिनेच्या महिने अबोला चालतो. मांग व महार ह्या दोन समाजांतून आलेल्या बंधूंनीं एका तांब्यानें पाणी प्यावें कीं नाहीं, हा प्रश्नही कित्येक ठिकाणीं फार दिवस रेंगाळला. ह्याला दीनता म्हणतां येत नाहीं. येथें आपणांसही टिळकांप्रमाणेंच कांहीं तरी बाहेर ठेवून आंत यावें लागतें.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनमध्यें झाला. आगगाडींतील भाकीत जवळजवळ खरें ठरलें. परंतु त्या दिवसाचें वर्णन आनंदाच्या शब्दांनीं करून थांबणें बरोबर होणार नाहीं. त्या दिवशीं एक घर मोडलें. लक्ष्मीबाईंना ही वार्ता कळली तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून मेल्यासारखा झाला. पदरीं लहान दत्तू. भोंवतीं नातलगांचा आक्रोश. ह्यापूर्वींच त्यांचीं कांहीं अपत्यें लहानपणीं गेलीं होतीं, त्यांत ही भर पडली. नातलगांच्या आश्रयानें त्या पंढरपुरास राहिल्या. सुमारें पांच वर्षें पति-पत्नींची ताटातूट झाली. ह्या काळांत पत्रें येत, जात. पत्रांतून कविता येत. कधीं भेटीचा योग येई व कधीं चुके.

शोक करणारे धन्य, हें वचन ह्या पांच वर्षांवर ठेवून पाहावें. टिळकांनीं सत्य मानलेल्या मार्गासाठीं स्त्री-पुत्रांचा वियोग सोसला, हें खरें. पण लक्ष्मीबाईंनीं काय सोसलें? त्यांनीं तर कांहीं निवडलेंच नव्हतें. ज्या दुःखाचें कारण त्यांना समजत नव्हतें तें दुःख त्यांच्यावर लादलें गेलें. ह्या दोघांत अधिक शोक कोणाचा, असें आम्हांस विचाराल तर आम्ही लक्ष्मीबाईंचा असेंच म्हणूं; आणि प्रभूचें वचन त्या वेळीं ख्रिस्ती नसलेल्या ह्या बाईलाही लागू होतें, असें म्हणण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं. त्यानें शोक करणाऱ्यांचा धर्म विचारला नव्हता. आपल्या मंडळ्यांत असे बंधु आहेत कीं ज्यांच्या बायका अद्याप माहेरीं आहेत, अशा भगिनी आहेत कीं ज्यांना भावांनीं दारांत उभें केलें नाहीं. त्यांच्यासाठीं प्रार्थना करितांना दुसऱ्या बाजूला जे रडत आहेत त्यांची आठवण ठेवली पाहिजे. त्यांना आपण शत्रु म्हणूं लागलों, तर टिळकांच्या घरीं जें झालें तें आपल्या घरीं होणें कठीण.

तेथें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. लक्ष्मीबाई अखेर नवऱ्याजवळ राहावयास आल्या, परंतु आपला आचार सोडून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळें, सोवळें कायम. टिळकांनीं त्यांच्यावर जबरदस्ती केली नाहीं. ज्या मनुष्याला साध्या गोष्टींत राग आवरत नसे त्यानें ह्या एका गोष्टींत धीर धरला. सौम्यतेविषयीं आम्हीं निराळें लिहीत नाहीं. हें एवढें पुरे आहे. पुढें लक्ष्मीबाई स्वतःच विचार करूं लागल्या, कीं जात देवानें केली कीं माणसानें. आणि ती माणसानेंच केली असें मनाला पटतांच त्यांनीं एका झटक्यांत सोवळें टाकलें. पुढें १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हा त्यांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. धन्यवचनांतील सांत्वन असें हळूहळू, चुलीजवळून आलें.

अहमदनगर हें आतां त्यांचें ठाणें झालें. तेथील मिशनच्या ईश्वरविद्यालयांत टिळक शिकवीत. १९०४ सालीं त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून शेवटपर्यंत ज्ञानोदय ह्या १८४२ सालीं निघालेल्या पत्राच्या मराठी भागाचे ते संपादक होते. मुलांसाठीं निघणाऱ्या बालबोधमेव्याचें कामही त्यांनीं केलें. फुलांवर व मुलांवर त्यांनीं इतकें गोड लिहिलें, कीं लोक त्यांना फुलामुलांचे कवि म्हणूं लागले.

परंतु त्यांचें सर्वांत मोठें काम आपल्या भजनांत आहे. त्यांच्यापूर्वीं मराठी मंडळ्यांत गाइलीं जाणारीं पुष्कळशीं गीतें इंग्रजी चालींवर, इंग्रजी गीतांचीं भाषांतरें अशीं होतीं. कृष्णराव सांगळे आदिकरून कांहीं सज्जनांनीं देशी चालींवर रचना केली होती खरी. पण टिळकांनीं ओवी, अभंग व भजन ह्यांचे पाट उघडून दिले. उपासना-संगीत ह्या पुस्तकांत त्यांचीं शेंकडों पदें आहेत. ज्ञानोबा, तुकोबा हे त्यांच्या नित्य पाठांतले. तुकोबांच्या अभंगांची वाट चालतच आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों असें ते मानीत, आणि ती वाट मोडून टाकण्याचें त्यांच्या कधीं मनांतही आलें नाहीं.

नीतिमत्त्वाची भूक व तहान म्हणजे काय, हें आपल्या मुलुखांत समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहींत. पूर्णेच्या कांठचा खारपाणपट्टा आपणां सर्वांना ठाऊक आहे. विहिरीला पाणी आहे, तळ दिसत नाहीं इतकें आहे, पण तोंडांत घेतलें तर खारट. गुरेंसुद्धां तोंड फिरवितात. उन्हाळ्यांत भरल्या विहिरीच्या कांठावर उभें राहून मनुष्य तहानेला असतो. वान नदीच्या अंगानें सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलें कीं गोडें पाणी लागतें, हें ठाऊक असलेला मनुष्य डोक्यावर भांडें घेऊन तिकडे चालूं लागतो. टिळकांपाशीं ग्रंथांचें पाणी भरपूर होतें. तें त्यांनीं तुच्छ मानलें नाहीं, परंतु तहान भागली नाहीं हें त्यांनीं स्वतःपासून लपविलेंही नाहीं. प्रभूनें धन्य म्हटलें आहे तें ज्याला अशी तहान लागलेली आहे त्याला. पोटभर पाणी प्यालेल्यांविषयीं तेथें कांहीं सांगितलेलें नाहीं. आमच्या कांहीं उपदेशकांना दहा वर्षें सेवा झाली, कीं आतां आपणांस सर्व कळलें असें वाटूं लागतें. त्यांनीं टिळकांचीं शेवटचीं वर्षें पाहावीं. त्यांविषयीं खालीं येईल.

दयेविषयीं दोन शब्द. १८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्रांत व वऱ्हाडांतही भयंकर होता. त्याच्या आगेंमागेंच प्लेगनें गांवें ओस पाडिलीं. त्या काळांत टिळक व लक्ष्मीबाई ह्यांच्या घरीं अनाथ मुलांची रीघ लागली. टिळकांनीं मूल आणावें व लक्ष्मीबाईंनीं तें संभाळावें असें चाले. आणि घरांत पीठ आहे कीं नाहीं हें टिळकांना बहुधा ठाऊक नसे. दयेचें श्रेय वांटतांना ही गोष्ट आम्ही विसरूं इच्छीत नाहीं. प्लेगच्या छावणींत लक्ष्मीबाईंनीं रोग्यांची सेवा केली. ज्या बाईनें एके काळीं दुसऱ्याच्या हातचें पाणी घेतलें नाहीं तिनेंच हें केलें. पुढें बालकवि म्हणून प्रसिद्धि पावलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हे तरुणपणीं ह्याच घरीं राहिले व लक्ष्मीबाईंनीं त्यांना मुलाप्रमाणें वागविलें; ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यामुळें त्यांच्या ताटांतला घांस कमी झाला नाहीं. टिळकांची दया पशुपक्ष्यांपर्यंत पोहोंचली होती. शिकाऱ्यानें मारलेल्या पक्षिणीवर त्यांनीं लिहिलेली केवढें हें क्रौर्य ही कविता शाळेच्या पुस्तकांतून मराठी मुलांच्या पिढ्यांनीं पाठ केली आहे.

समेट करणाऱ्यांचें वचन टिळकांना सर्वांत कठीण गेलें असावें. ते देशभक्त होते आणि ख्रिस्ती होते. पुष्कळ हिंदु बांधवांना वाटे, कीं हा मनुष्य परक्यांना मिळाला. कांहीं मिशनरी लोकांना वाटे, कीं हा फार स्वदेशी आहे. दोहोंकडून शब्द ऐकावे लागत. टिळकांचें म्हणणें असें, कीं ख्रिस्त ह्या देशांत पाहुणा म्हणून राहूं नये. त्याच्या मंडळीनें ह्याच मातींत उगवावें, हिच्याच भाषेंत रडावें व गावें, आणि आपला कारभार आपण पाहावा. मिशनरींविषयीं त्यांना कृतज्ञता होती, त्यांतील कित्येक त्यांचे जिवलग स्नेही होते. तरी मालक-नोकराचा संबंध त्यांना खपत नसे. ह्या कामीं त्यांची भाषा नेहमींच सौम्य होती असें म्हणतां येणार नाहीं. समेट म्हणजे गप्प बसणें अशी त्यांची समजूत नव्हती, आमचीही नाहीं. भिंतीला तडा गेला असतां वरून चुना फांसणारा घर वांचवीत नाहीं.

१९१७ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, जेव्हां दुसरा कोणी निवृत्तीचा विचार करील, तेव्हां टिळकांनीं मिशनची नोकरी सोडली. बांधलेला पगार गेला. ते साताऱ्यास जाऊन राहिले व देवाचा दरबार नांवाची एक संस्था त्यांनीं काढली. तींत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. सर्वांनीं भावाबहिणींसारखें राहावें व ख्रिस्ताच्या नांवानें देशाची सेवा करावी, असा हेतु होता. ह्यावर त्या वेळीं मंडळ्यांत बराच वाद झाला. बाप्तिस्म्याचें महत्त्व ह्यानें कमी होईल असें कित्येकांना वाटलें. पाळक ह्या नात्यानें आम्हांसही ही शंका अगदींच पोकळ वाटत नाहीं. बाप्तिस्म्यासाठीं आपल्या लोकांनीं जें सोसलें आहे तें हलकें लेखतां येत नाहीं. परंतु टिळकांनीं तो हलका लेखला असता तर त्यासाठीं पांच वर्षें घराला मुकले नसते, हेंही लक्षांत ठेवावें. दारांत उभ्या असलेल्यांना ओसरीवर तरी बसूं द्यावें, एवढेंच त्यांना हवें होतें. साठीच्या उंबरठ्यावर आलेला मनुष्य पुन्हां एकदां रिकाम्या हातांनीं आरंभ करतो. राजनांदगांवास लागलेली तहान अजून लागलेलीच होती.

देवाच्या दरबाराला फार दिवस मिळाले नाहींत. टिळकांची प्रकृति ढासळली, त्यांना मुंबईस नेण्यांत आलें, आणि ९ मे १९१९ रोजीं तेथें त्यांचें देहावसान झालें. आपल्या देहाचें दहन व्हावें, व आपल्यामागें कोणी काळे कपडे घालून शोक करूं नये, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणें दहन झालें व अस्थि अहमदनगरास नेण्यांत आल्या.

त्यांच्यामागें एक काम अपुरें राहिलें. प्रभूचें सारें चरित्र ओवीबद्ध करावें, म्हणजे खेड्यांतील निरक्षर मनुष्यालाही तें पोथीसारखें ऐकतां येईल, अशा विचारानें त्यांनीं ख्रिस्तायन लिहावयास घेतलें होतें. आरंभींचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. तें काम लक्ष्मीबाईंनीं उचललें. ज्यांना लग्नांत अक्षरओळख नव्हती, ज्यांनीं एके काळीं ख्रिस्ताच्या नांवानें पदर डोळ्यांना लावला होता, त्यांनीं म्हातारपणीं एकामागून एक साठांहून अधिक अध्याय रचले. त्याच वर्षांत १९३४ पासून त्यांच्या स्मृतिचित्रांचे भागही निघत होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या तेव्हां ग्रंथ अगदीं शेवटाशीं आला होता, आणि राहिलेला भाग त्यांचा मुलगा देवदत्त, पंढरपुरास त्यांच्या पदरीं असलेला तोच दत्तू, ह्यानें लिहून पुरा केला.